मुष्टियुद्धाच्या रिंगणातून विधिमंडळात

आयर्लंडमधून आलेला निर्वासित पोर, ट्रॉय शहराच्या गल्ल्यांतला दांडगा, अमेरिकेचा मुष्टियुद्ध विजेता, जुगारघरांचा मालक, साराटोगाच्या घोड्यांच्या शर्यतींचा प्रवर्तक, अमेरिकी काँग्रेसचा सदस्य आणि अखेरीस न्यूयॉर्क राज्याचा सिनेटर. जॉन मॉरिसीच्या अवघ्या ४७ वर्षांच्या आयुष्यात एवढ्या भूमिका सामावल्या होत्या. त्याच्या चाहत्यांना तो गरिबांचा कैवारी वाटला, तर विरोधकांना तो अखेरपर्यंत गुंडच वाटत राहिला.

मैदान गाजवणारा खेळाडू निवडणुकीच्या आखाड्यात उतरतो, तेव्हा आपल्याला त्याचे फारसे नवल वाटत नाही. लोकप्रियतेचे मतांत रूपांतर होते, हे आता सर्वांच्या अंगवळणी पडले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र मुष्टियुद्ध हा अमेरिकेच्या अनेक राज्यांत कायद्याने गुन्हा होता. ते खेळणारा माणूस देशाच्या प्रतिनिधिगृहात जाऊन बसेल, ही कल्पनाच तेव्हाच्या सभ्य समाजाला सहन होणारी नव्हती. मॉरिसीने ते करून दाखवले. त्यासाठी त्याने जी वाट धरली ती मात्र स्वच्छ नव्हती, आणि म्हणूनच त्याचे चरित्र आजही विचार करायला लावते.

ट्रॉयमधले बालपण

मॉरिसीचा जन्म १२ फेब्रुवारी १८३१ रोजी आयर्लंडच्या टिपेररी परगण्यातील टेम्पलमोर या गावी झाला. तो जेमतेम दोन-तीन वर्षांचा असताना त्याच्या आईवडिलांनी अमेरिकेची वाट धरली आणि न्यूयॉर्क राज्यातील हडसन नदीकाठच्या ट्रॉय या शहरात बस्तान बसवले. ट्रॉय हे तेव्हा लोखंडाच्या भट्ट्यांचे आणि कारखान्यांचे शहर होते. आयरिश मजुरांना तेथे काम मिळे, मान मात्र मिळत नसे. शाळेत जाण्याच्या वयात मॉरिसी भिंतींना लावायच्या कागदाच्या कारखान्यात आणि पुढे लोखंडाच्या कारखान्यात राबू लागला.

कारखान्यातल्या कष्टाने त्याचे शरीर कमावले गेले आणि रस्त्याने त्याला मारामारी शिकवली. ट्रॉयमध्ये वस्त्यावस्त्यांतील पोरांच्या टोळ्या होत्या. त्यातल्या एका टोळीचा तो लवकरच म्होरक्या झाला. अठरा वर्षांचा होईपर्यंत घरफोडी आणि मारहाणीचे आरोप त्याच्यावर लागले होते आणि तुरुंगाची हवाही त्याने खाल्ली होती. वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हते, आणि नंतर त्याने स्वतःच्या प्रयत्नाने अक्षरओळख करून घेतली, असे त्याचे चरित्रकार सांगतात. विसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर ज्याच्या हाती फक्त मुठी होत्या, अशा या तरुणाने ट्रॉय सोडून न्यूयॉर्क गाठले.

न्यूयॉर्कमध्ये त्याची ओळख झाली तीही मारामारीतूनच. कॅप्टन आयझाया रायंडर्स हा डेमोक्रॅटिक पक्षाचा स्थानिक पुढारी एम्पायर क्लब नावाचा अड्डा चालवी. मॉरिसी तेथे शिरला आणि त्याने उपस्थितांना एकट्याने आव्हान दिले. अनेकांनी मिळून त्याला बेदम मारले, पण त्याची हिंमत पाहून रायंडर्सने त्याला आपल्याकडे कामाला ठेवले. याच काळात टॉम मॅककॅन नावाच्या इसमाशी झालेल्या झटापटीत शेगडी उलटली आणि मॉरिसीची पाठ जळत्या निखाऱ्यांवर दाबली गेली. कातडी जळत असतानाही तो उठला आणि त्याने मॅककॅनला चीत केले. अंगातून धूर निघत असताना लढलेल्या या गड्याला लोकांनी ‘ओल्ड स्मोक’ असे नाव ठेवले. ते त्याला जन्मभर चिकटले.

बंदरावर उतरणाऱ्या आयरिश निर्वासितांना गाठायचे, त्यांच्या राहण्याची आणि कामाची सोय लावायची आणि त्या बदल्यात त्यांची मते पक्षाच्या पदरात पाडायची, हे त्याचे काम होते. १८४५ नंतर बटाट्याच्या पिकावर पडलेल्या रोगाने आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ पडला होता आणि लाखो भुकेले लोक अमेरिकेच्या किनाऱ्याला लागत होते. या लोंढ्यातूनच डेमोक्रॅटिक पक्षाची न्यूयॉर्कमधील संघटना असलेल्या टॅमनी हॉलची ताकद वाढली. मॉरिसीचे राजकारणातले पहिले धडे असे बंदराच्या धक्क्यावर गिरवले गेले.

विजेतेपदाची वाट

कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची वार्ता पसरली होती. मॉरिसीही नशीब काढण्यासाठी तिकडे गेला. सोने त्याला खाणीत नव्हे, तर जुगाराच्या टेबलावर सापडले. तेथेच ३१ ऑगस्ट १८५२ रोजी मेअर आयलंड येथे जॉर्ज थॉम्प्सनशी त्याची पहिली मोठी व्यावसायिक लढत झाली. थॉम्प्सन कसलेला होता आणि त्याचे पारडे जड होते, परंतु नियमभंग केल्यामुळे तो बाद ठरला आणि विजय मॉरिसीला मिळाला. मॉरिसीच्या हत्यारबंद पाठीराख्यांना घाबरून थॉम्प्सनने मुद्दामच नियम मोडला, असे तेव्हा उघड बोलले गेले.

त्या काळचे मुष्टियुद्ध आजच्यासारखे नव्हते. हातमोजे नसत. लढत उघड्या मुठींनी होई. एक प्रतिस्पर्धी जमिनीवर पडला की फेरी संपे. तीस सेकंदांची विश्रांती मिळे आणि त्यानंतर आठ सेकंदांच्या आत रिंगणाच्या मध्यभागी आखलेल्या रेषेपाशी येऊन उभे राहावे लागे. जो येऊ शकत नसे तो हरे. फेऱ्यांच्या संख्येला मर्यादा नव्हती. कायद्याची बंदी असल्याने लढतीची जागा अखेरच्या क्षणापर्यंत गुप्त ठेवली जाई.

न्यूयॉर्कला परतल्यावर मॉरिसीने यांकी सलिव्हन या नामांकित मल्लाला आव्हान दिले. सलिव्हन वयाने बराच मोठा आणि डावपेचांत मुरलेला होता. १२ ऑक्टोबर १८५३ रोजी बोस्टन कॉर्नर्स या आडगावी दोघे समोरासमोर आले. हे गाव मॅसॅच्युसेट्स राज्याचे, पण डोंगररांगेमुळे उर्वरित राज्यापासून तुटलेले. तेथे पोलिसांचा हात पोहोचत नसे, न्यूयॉर्कहून आगगाडी मात्र पोहोचे. हजारो शौकीन त्या दिवशी गावात लोटले. प्रत्येक बाजूने एक हजार डॉलर पणाला लावले होते.

सुमारे पाऊण तासाहून अधिक काळ सलिव्हन मॉरिसीला झोडपत होता. मॉरिसीचा चेहरा ओळखू येणार नाही इतका फुटला, पण प्रत्येक फेरीला तो रेषेपाशी येऊन उभा राहिला. सदतिसाव्या फेरीत दोन्हीकडच्या समर्थकांत हाणामारी सुरू झाली. त्या गोंधळात सलिव्हन दोरांबाहेर पडून भांडणात गुंतला. फेरीचा पुकारा झाला तेव्हा रेषेपाशी मॉरिसी एकटाच हजर होता. पंचांनी त्याला विजयी घोषित केले आणि तो अमेरिकेचा विजेता झाला. या लढतीमुळे मोठा गवगवा झाला. १८५५ मध्ये बोस्टन कॉर्नर्सचा ताबा मॅसॅच्युसेट्सकडून न्यूयॉर्क राज्याकडे देण्यात आला. 

पूल प्रकरणाचा डाग

मॉरिसीच्या आयुष्यावर सर्वांत गडद सावली पडली ती विल्यम पूल याच्या खुनाची. ‘बिल द बुचर’ म्हणून ओळखला जाणारा पूल व्यवसायाने खाटीक होता आणि निर्वासितांच्या, विशेषतः आयरिश कॅथलिकांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या ‘नो नथिंग’ चळवळीचा बाहुबली होता. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या २००२ मधील ‘गँग्ज ऑफ न्यूयॉर्क’ या चित्रपटात डॅनियल डे-लुईस यांनी साकारलेली व्यक्तिरेखा याच पूलवरून बेतलेली आहे. मतदान केंद्रांवर एका बाजूने पूलची माणसे आणि दुसऱ्या बाजूने मॉरिसीची माणसे, असा सामना न्यूयॉर्कने अनेकदा पाहिला. हे वैर दोन व्यक्तींपुरते नव्हते. अमेरिका कोणाची, आधी आलेल्यांची की नंतर आलेल्यांचीही, हा प्रश्न त्यामागे होता.

जुलै १८५४ मध्ये हडसन नदीच्या एका धक्क्यावर दोघांची झुंज झाली. नियम नसलेल्या त्या झुंजीत पूलने मॉरिसीला शरण यायला लावले. पुढे २४ फेब्रुवारी १८५५ च्या रात्री ब्रॉडवेवरील स्टॅनविक्स हॉल या मद्यगृहात दोघांची पुन्हा गाठ पडली. शिवीगाळ झाली, पिस्तुले निघाली. पोलिसांनी दोघांनाही बाजूला नेले. मॉरिसी निघून गेला, पूल मात्र परत आला. मध्यरात्रीनंतर मॉरिसीचे साथीदार तेथे आले आणि त्यांच्यातील लुईस बेकर याने पूलवर गोळ्या झाडल्या. ८ मार्च रोजी पूल मरण पावला. त्याच्या अंत्ययात्रेला न्यूयॉर्कचे रस्ते माणसांनी फुलून गेले होते.

बेकर जहाजाने कॅनरी बेटांच्या दिशेने पळाला. त्याच्या मागावर वेगवान जहाज पाठवून त्याला परत आणण्यात आले. त्याच्यावर तीनदा खटला चालला, पण तिन्ही वेळा ज्यूरींचे एकमत झाले नाही. मॉरिसीलाही अटक झाली होती. तथापि गोळीबाराच्या वेळी तो तेथे नव्हता आणि त्याच्यावरील आरोप टिकले नाहीत. कायद्याने तो सुटला, लोकांच्या संशयातून मात्र तो कधीच पुरता सुटला नाही. पुढे प्रत्येक निवडणुकीत विरोधकांनी पूलचे नाव काढले.

अखेरची लढत

या सुमारास त्याने ट्रॉयमधील एका आगबोटीच्या कप्तानाच्या मुलीशी विवाह केला होता. सुझी स्मिथ ही सुशिक्षित, देखणी आणि शांत स्वभावाची स्त्री होती. नवऱ्याने मारामारीचा धंदा सोडावा, अशी तिची इच्छा होती. मॉरिसीने ते मान्य केले, पण एक लढत अजून उरली होती.

जॉन हीनन हाही ट्रॉय परिसरातच वाढलेला आयरिश वंशाचा मुष्टियोद्धा होता. दोन्ही घराण्यांत जुने वैमनस्य होते, असे सांगतात. २० ऑक्टोबर १८५८ रोजी कॅनडातील लाँग पॉइंट येथे दोघे भिडले. प्रत्येक बाजूने अडीच हजार डॉलर लावले होते. हीनन ताकदीने सरस होता, परंतु पायाच्या दुखण्याने तो बेजार होता. त्यातच लढतीच्या आरंभी त्याची मूठ रिंगणाच्या खांबावर आदळून हाताला दुखापत झाली. अकराव्या फेरीनंतर हीनन उठू शकला नाही. मॉरिसीने विजेतेपद राखले आणि त्यानंतर तो पुन्हा रिंगणात उतरला नाही. त्याच्या निवृत्तीनंतर हीननला अमेरिकेचा विजेता मानले जाऊ लागले, आणि १८६० मध्ये इंग्लंडमध्ये टॉम सेयर्सशी झालेल्या त्याच्या लढतीने इतिहास घडवला.

साराटोगाची पहाट

निवृत्तीनंतर मॉरिसीने जुगारघरांच्या धंद्यात लक्ष घातले. फॅरो हा पत्त्यांचा खेळ तेव्हा लोकप्रिय होता आणि त्यात हातचलाखी करून गिऱ्हाइकाला लुटण्याचे प्रकार सर्रास चालत. मॉरिसीच्या टेबलावर मात्र फसवणूक होत नाही आणि जिंकलेले पैसे चुकते होतात, असा लौकिक पसरला. त्यामुळे धनिक मंडळी त्याच्याकडे वळली आणि काही वर्षांतच तो श्रीमंत झाला.

न्यूयॉर्कच्या उत्तरेला साराटोगा स्प्रिंग्ज हे खनिज पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले ठिकाण होते. श्रीमंत कुटुंबे उन्हाळ्यात तेथे मुक्कामाला येत. या मंडळींना दिवसा करमणूक हवी, हे मॉरिसीने हेरले. ३ ऑगस्ट १८६३ रोजी त्याने तेथे घोड्यांच्या शर्यती सुरू केल्या. अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध पेटले होते. गेटिसबर्गची भीषण लढाई होऊन महिनाच झाला होता आणि सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध न्यूयॉर्क शहरात उसळलेली दंगल शमून तीन आठवडेही झाले नव्हते. अशा काळात शर्यतींना कोण येणार, अशी शंका होती. परंतु चार दिवसांचा तो सोहळा गर्दीने यशस्वी झाला.

पुढच्याच वर्षी समोरच्या जागेवर नवे मैदान तयार झाले. उद्योगपती कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट, विल्यम ट्रॅव्हर्स, जॉन हंटर आणि विन्स्टन चर्चिल यांच्या आईचे वडील लिओनार्ड जेरोम अशी बडी नावे मॉरिसीच्या या उद्योगाशी जोडली गेली. मात्र संस्थेच्या पदाधिकाऱ्यांच्या यादीत मॉरिसीचे नाव नव्हते. कल्पना आणि मेहनत त्याची, पण कागदावर नावे प्रतिष्ठितांची, अशी ही व्यवस्था होती. मॉरिसीला ती ठाऊक होती आणि त्याने ती स्वीकारली होती. १८६४ मध्ये पहिली ट्रॅव्हर्स स्टेक्स शर्यत ‘केंटकी’ या घोड्याने जिंकली. ही शर्यत अमेरिकेच्या अश्वशर्यतींतील मानाची शर्यत म्हणून आजही ओळखली जाते.

१८७० मध्ये मॉरिसीने साराटोगात विटांची देखणी क्लब हाउस इमारत उभी केली. तिचे दोन नियम प्रसिद्ध होते. जुगाराच्या दालनात स्त्रियांना प्रवेश नाही आणि गावातल्या रहिवाशांना खेळण्यास मनाई. बाहेरच्या धनिकांचे पैसे यावेत, पण गावातले घर उद्ध्वस्त होऊ नये, हा दुसऱ्या नियमामागचा हिशेब होता. गावातील धर्मादाय कामांनाही तो सढळ हाताने देणग्या देई. त्यामुळे जुगाराला विरोध करणारे स्थानिकही त्याच्याविरुद्ध फार आवाज उठवत नसत.

प्रतिनिधिगृहात

१८६६ मध्ये टॅमनी हॉलच्या पाठिंब्यावर मॉरिसी न्यूयॉर्कच्या पाचव्या मतदारसंघातून अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आला. वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठवली. मुष्टियोद्धा आणि जुगारी माणूस देशाचे कायदे करणार का, असा सवाल विचारला गेला. मतदारांनी त्याकडे लक्ष दिले नाही आणि १८६८ मध्ये त्याला पुन्हा निवडून दिले. मार्च १८६७ ते मार्च १८७१ असा चार वर्षांचा काळ त्याने वॉशिंग्टनमध्ये काढला. सभागृहात तो क्वचितच बोलला. वक्तृत्व हा त्याचा प्रांत नव्हता. मतदारांची कामे करणे आणि माणसे जोडणे, हीच त्याची राजकारणाची रीत होती.

त्याची खरी कसोटी पुढे लागली. विल्यम ट्वीड या टॅमनी हॉलच्या सर्वेसर्वा पुढाऱ्याने न्यूयॉर्क शहराची तिजोरी अक्षरशः लुटली होती. ज्या संघटनेने मॉरिसीला मोठे केले तिच्याच नेत्याविरुद्ध तो १८७० मध्ये पक्षातील बंडखोरांसोबत उभा राहिला. ते बंड त्या वेळी फसले. मात्र १८७१ मध्ये वृत्तपत्रांनी हिशेबाचे आकडेच छापल्यावर ट्वीडचे साम्राज्य कोसळले. त्यानंतर जॉन केली याच्यासोबत टॅमनीची नव्याने बांधणी करण्यात मॉरिसीचा हात होता. पण केलीही एकाधिकाराच्या वाटेने जाऊ लागला. मॉरिसीने विरोध केला आणि १८७५ मध्ये त्याची संघटनेतून हकालपट्टी झाली.

त्या वेळचे महापौर विल्यम विकहॅम यांनी भेटीला येणाऱ्यांनी आधी आपले नावाचे कार्ड आत पाठवावे, असा दंडक घातला होता. तेव्हा मॉरिसी सायंकाळच्या मेजवानीचा उंची पोशाख घालून आणि काखेत फ्रेंच शब्दकोश मारून सिटी हॉलवर अवतरला, अशी गोष्ट सांगितली जाते. महापौरांना भेटायचे तर आता हे सारे शिकावे लागते, हा त्यातला टोला शहराला बरोबर कळला.

राज्य सिनेटचे दोन विजय

१८७५ मध्ये टॅमनीविरोधी डेमोक्रॅट म्हणून मॉरिसीने न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटची निवडणूक लढवली, तीही एकेकाळी ट्वीडचा बालेकिल्ला असलेल्या चौथ्या मतदारसंघातून. टॅमनीच्या उमेदवाराचा पराभव करून तो निवडून आला. गरीब, आयरिश वस्तीने एका आयरिश दांडगटाला निवडले यात नवल ते काय, असे टीकाकार म्हणू लागले.

१८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीने त्याला वादात ओढले. हेज आणि टिल्डन यांच्यातील त्या लढतीवर मोठ्या रकमांच्या पैजा लागल्या होत्या आणि त्यातील बऱ्याच पैजांचे पैसे मॉरिसीकडे ठेवलेले होते. निकाल वादग्रस्त ठरून महिनोन्‌महिने लांबला, तेव्हा त्याने पैजा रद्द करून पैसे परत केले, पण आपले कमिशन मात्र कापून घेतले. प्रामाणिक जुगारी या त्याच्या लौकिकाला त्यामुळे थोडा तडा गेला.

टीकाकारांना उत्तर देण्यासाठी १८७७ मध्ये त्याने मुद्दाम श्रीमंतांची वस्ती असलेला सातवा मतदारसंघ निवडला. समोर ऑगस्टस शेल हे टॅमनीचे प्रतिष्ठित उमेदवार होते. मॉरिसीची प्रकृती ढासळलेली होती. त्याच वर्षी त्याच्या एकुलत्या मुलाचाही मृत्यू झाला होता. तरीही त्याने ही निवडणूक जिंकली. ज्यांनी आयुष्यभर त्याला आपल्या दिवाणखान्यात बसू दिले नव्हते, त्यांच्याच मतदारसंघाने त्याला प्रतिनिधी म्हणून निवडले. हा त्याचा बहुधा सर्वांत मोठा विजय, आणि शेवटचाही.

प्रचाराच्या दगदगीने तो पुरता खचला. १ मे १८७८ रोजी साराटोगा येथील अडेल्फी हॉटेलात न्यूमोनियाने त्याचे निधन झाले. ज्या ट्वीडविरुद्ध तो लढला, तो तीन आठवड्यांपूर्वीच तुरुंगात मरण पावला होता. मॉरिसीवर ट्रॉयमध्ये अंत्यसंस्कार झाले. हजारो लोक, त्यात बहुसंख्य कष्टकरी, त्याला निरोप देण्यासाठी रस्त्यावर उभे होते. राज्य सिनेटचे सदस्यही आले होते. तेथल्या सेंट पीटर्स दफनभूमीत त्याची समाधी आहे.

उरलेला हिशेब

मॉरिसीला संत ठरवण्याचे कारण नाही. त्याच्या टोळीने मतदारांना धाकदपटशा दाखवला, त्याच्या मित्रांच्या हातून खून झाला आणि त्याची संपत्ती दुसऱ्यांच्या जुगारातून आली. परंतु त्याच्या काळात टोळ्या काही फक्त आयरिशांच्याच नव्हत्या, आणि तिजोरी लुटणारे तर उत्तम पोशाखातले होते. सार्वजनिक पैशाला हात लावल्याचा आरोप मॉरिसीवर चिकटला नाही, हे त्याच्या शत्रूंनाही मान्य करावे लागले.

त्याच्या क्लब हाउसची इमारत साराटोगात आजही उभी आहे. नंतरच्या मालकाच्या नावाने ती कॅनफील्ड कॅसिनो म्हणून ओळखली जाते आणि तेथे इतिहासाचे संग्रहालय आहे. दर उन्हाळ्यात साराटोगाच्या मैदानावर घोडे धावतात. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध हॉल ऑफ फेममध्ये आद्य मुष्टियोद्ध्यांच्या गटात त्याचा समावेश झाला. शर्यतींच्या संस्थेने पदाधिकाऱ्यांच्या यादीतून त्याचे नाव वगळले होते. आज मात्र त्या शर्यतींचा इतिहास सांगताना सुरुवात मॉरिसीच्याच नावाने करावी लागते.